रिचमंडच्या सभेतली आठ माणसं

क्वेकर पंथाच्या सभेत मतदान होत नाही. सगळे शांत बसतात, ज्याला आतून वाटेल तो बोलतो, आणि सभेचा कल ओळखून लिपिक निर्णय लिहून घेतो. एका सार्वजनिक संस्थेच्या कार्यकारिणीत मी बरीच वर्षं काढली, म्हणून या पद्धतीची मला ओढ वाटते आणि धास्तीही. एकमताचा हट्ट धरला की वेगळं बोलणाऱ्याला बाजूला सारावंसं वाटू लागतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या क्वेकरांनी १८४२ साली तेच केलं.

गुलामगिरी पाप आहे, याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हतं. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने, म्हणजे त्या भागातल्या क्वेकरांच्या मुख्य मंडळाने, १७७६ सालीच आपल्या सभासदांना गुलाम बाळगायला मनाई केली होती. इंडियानातली कित्येक क्वेकर कुटुंबं तर गुलामगिरीच्या मुलखात राहायला नको म्हणून नॉर्थ कॅरोलायनातून उठून आली होती. प्रश्न पुढचा होता. गुलामगिरीविरोधी चळवळीत इतर पंथांच्या लोकांबरोबर संघटनेत जायचं का? जाहीर व्याख्यानं करायची का? ज्येष्ठांचं म्हणणं, देव वाट दाखवील तेव्हाच पाऊल टाकावं. बाहेरच्या गोंगाटात पंथाची शांतता हरवेल. या म्हणण्यात प्रामाणिकपणा होता, हे मी मानते. पण १८४१ साली त्यांनी चळवळीच्या व्याख्यानांना आपली सभागृहंही बंद केली.

पुढच्या वर्षी इंडियानातल्या रिचमंडला वार्षिक सभा भरली होती, तेव्हाच हेन्री क्ले हा बडा राजकारणी गावात आला. तो स्वतः गुलामांचा मालक. हायरम मेंडेनहॉलने भर गर्दीत त्याच्या हाती अर्ज दिला: तुमचे गुलाम मुक्त करा. घरी जा आणि आपलं काम बघा, अशा अर्थाचं उत्तर क्लेने सुनावलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, हाच क्ले क्वेकरांच्या उपासनेला आला आणि त्याला मानाने बसवण्यात आलं. त्याच वार्षिक सभेत चळवळीतल्या आठ जणांना कार्यकारी समितीतून काढून टाकलं गेलं. त्यांत चार्ल्स ऑस्बर्न होता. या माणसाने १८१७ सालीच ओहायोत ‘फिलान्थ्रोपिस्ट’ हे पत्र काढून गुलामगिरीविरुद्ध लिहिलं होतं. गुलामांच्या मालकाला मानाची जागा आणि ऑस्बर्नला दार! वाचताना आजही माझा संताप होतो.

फेब्रुवारी १८४३मध्ये न्यूपोर्ट गावी सुमारे दोन हजार जणांनी वेगळी वार्षिक सभा स्थापन केली. लेव्ही कॉफिन तिथलाच. तो आणि त्याची बायको कॅथरीन पळून आलेल्या गुलामांना घरात लपवत, जेवू घालत आणि रातोरात पुढे पोचवत. पुढे १८४७ साली सिनसिनाटीला जाऊन त्याने दुकान काढलं. तिथे विकायचं कापड आणि साखर गुलामांच्या श्रमातून आलेली नसावी, हा त्याचा आग्रह.

१८४५ साली लंडनहून चार प्रतिष्ठित क्वेकर समेटासाठी आले. फूट का पडली, याची चौकशी त्यांनी केलीच नाही. सभा मोडा आणि परत जा, एवढंच सांगितलं. समेटाच्या नावाखाली अन्याय झालेल्यालाच नमतं घ्यायला लावणं मला मूळ हकालपट्टीइतकंच क्रूर वाटतं. न्यूपोर्टची माणसं नमली नाहीत.

वेगळी सभा १८५७ साली विसर्जित झाली. तोवर देशातली हवा बदलली होती आणि जुन्या सभेतही चळवळीला पूर्वीचा विरोध उरला नव्हता. अनेक जण मूळ सभेत परतले. ऑस्बर्न मात्र १८५० सालीच वारला होता.