न दुखणारी जखम

मी एका सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गांची तपासणी आणि उपचार इथे मोफत होतात. समोर बसलेला माणूस आधी पाठदुखी सांगतो, मग अशक्तपणा. निघता निघता हळूच म्हणतो, "मॅडम, खाली एक फोड आलाय. पण दुखत नाही, म्हणून लक्ष दिलं नाही."

दुखत नाही म्हटलं, की मला जास्त काळजी वाटते. सिफिलिसची, म्हणजे आपल्याकडे जिला गरमी म्हणतात तिची, पहिली जखम सहसा दुखत नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती उठते; कधी दहा दिवसांत, कधी तीन महिन्यांनी. जांघेत अवधाण येऊ शकतं. मग ३ ते ६ आठवड्यांत, काहीही न करता, जखम भरून येते. माणूस निर्धास्त होतो. जंतू मात्र अंगातच राहतात. पुढे तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे चट्टे येतात आणि तेही जातात. उपचार झाले नाहीत, तर काही जणांच्या मेंदूला, डोळ्यांना किंवा हृदयाला वर्षानुवर्षांनी इजा होते. सुरुवातीलाच आलं, तर पेनिसिलिनचं एक इंजेक्शन बहुधा पुरतं.

लघवीला जळजळ झाली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. पण जळजळीबरोबर लिंगातून पू येत असेल, तर तो गनोरिया असू शकतो. संबंधानंतर बहुधा २ ते ७ दिवसांत तो दिसू लागतो. बारीक पाण्याचे फोड पुंजक्याने येऊन आग होत असेल, तर हर्पीसची शंका घ्यावी.

बायकांचं दुखणं तर आणखी लपून राहतं. अंगावरून थोडं पांढरं जाणं स्वाभाविक आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत आणि गरोदरपणात ते वाढतं. दुर्गंधी, खाज, पिवळा-हिरवा रंग, संबंधानंतर रक्त जाणं, यांपैकी काही असेल तर तपासून घ्यायला हवं. असा प्रत्येक त्रास लैंगिक संसर्गच असतो असं नाही, म्हणून नवऱ्यावर किंवा स्वतःवर संशय घेण्याआधी तपासणी करावी. क्लॅमिडिया मात्र बहुतेक बायकांना काहीच जाणवू देत नाही आणि गर्भनलिकांना इजा करून मूल होण्यात अडथळा आणू शकतो. म्हणून जोडीदाराला संसर्ग निघाला, तर स्वतःला काही होत नसलं तरी यावं.

काही वेळा त्याच दिवशी दवाखाना गाठावा: ओटीपोटात दुखून ताप आला, अंडकोष अचानक सुजून दुखू लागला, किंवा गरोदर बाईला जखम वा पुरळ दिसलं तर. गरोदरपणातली सिफिलिसची रक्ततपासणी कुणीही चुकवू नये. आईला वेळेत औषध मिळालं तर बाळ वाचतं. एचआयव्हीच्या जोखमीचा प्रसंग घडला असेल, तर प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. त्यासाठी रात्रीसुद्धा रुग्णालयात यावं.

मेडिकलमधून दोन गोळ्या आणून, वर मलम लावून येऊ नका. अर्धवट औषधाने खूण पुसते आणि निदान अवघड होतं. जोडीदाराचे उपचारही सोबतच व्हावेत, नाहीतर तोच संसर्ग पुन्हा येतो. डॉक्टर सांगतील तोवर संबंध टाळा, आणि पुढे निरोध वापरा.

तुम्ही काय केलंत याचा न्याय करायला आम्ही बसलेलो नाही. जखम कधी दिसली, शेवटचा संबंध कधी आला, आधी कोणतं औषध घेतलं, एवढं खरं सांगितलं तर उपचार अचूक होतात. बोललेलं गोपनीय राहतं. यायला धीर होत नसेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर आधी विचारा. पण फोड भरून येण्याची वाट पाहू नका. तो दिसतोय तोवरच या.