पठारावरची वाटचाल

पन्नाशी दृष्टिपथात आली की माणूस नवी विद्या आरंभण्यापेक्षा मिळवलेल्या विद्येचा ताळेबंद मांडू लागतो. अमेरिकन पत्रकार व लेखक जॉर्ज लिओनार्ड यांनी मात्र १९७० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आयकिडो ही जपानी युद्धकला शिकण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी वैमानिक म्हणून काम केले होते आणि ‘लुक’ या नियतकालिकात अनेक वर्षे जबाबदारीचे पद सांभाळले होते. नाव, अनुभव, प्रतिष्ठा असे सारे काही गाठीशी असलेल्या या गृहस्थांना आता पहिला धडा गिरवायचा होता, तो जमिनीवर पडण्याचा.

आयकिडोचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी तरुणपणी सोकाकू ताकेदा यांच्याकडून दाइतो-र्यू ही जुनी झुंजविद्या आत्मसात केली होती. तिच्यातून पुढे त्यांनी स्वतःचा मार्ग घडवला. ‘आय’ म्हणजे मेळ, ‘कि’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘डो’ म्हणजे मार्ग. समोरून येणाऱ्या बळाला बळाने अडवायचे नाही, त्या बळाच्या दिशेतच वळून त्याला वर्तुळाकार फिरवायचे आणि त्याचा तोल अलगद काढून घ्यायचा, हे या विद्येचे सूत्र आहे. उएशिबांच्या मूळ परंपरेत स्पर्धा नाहीत. त्यामुळे विजेता नाही आणि पराभूतही नाही.

अभ्यास जोडीने चालतो. परस्परांना वाकून नमस्कार केल्यावर एकजण मनगट धरतो किंवा प्रहार करतो, दुसरा त्याला वळवून खाली नेतो. थोड्या वेळाने भूमिका बदलतात. खाली जाणाऱ्यास ‘उके’ म्हणतात, आणि उकेची कला ही अर्धी विद्या मानली जाते. हात वर्तुळासारखा वाकवायचा, हनुवटी छातीशी घ्यायची आणि खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरके लोळत पुन्हा उभे राहायचे. नवशिक्याचे शरीर भीतीने ताठ होते आणि ताठ शरीरालाच अधिक लागते. म्हणून उशिरा शिकणाऱ्यास प्रथम गुडघ्यावर बसून, अगदी सावकाश लोळण्याचा सराव देणे हिताचे ठरते.

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकांना येथील एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. मनगटाला दिलेला पीळ थोडा अधिक झाला, तर सांधा दुखावू शकतो. हल्ला करणाऱ्याचा देह त्या क्षणी अभ्यासकाच्या हाती सोपवलेला असतो, आणि तो सुरक्षित परत करणे हे त्याचे कर्तव्य असते. सामर्थ्य असल्याशिवाय हा संयम पाळता येत नाही आणि संयम नसेल तर उद्या सरावाला जोडीदारही उरत नाही.

लिओनार्ड यांच्या अनुभवातील सर्वांत मोलाचा भाग मात्र डावपेचांचा नाही. आरंभीच्या प्रगतीनंतर असा काळ आला की, नियमित सराव करूनही पाऊल पुढे पडत असल्याचे जाणवेना. या अवस्थेला त्यांनी पठार म्हटले. प्रथम ही जाणीव त्यांना अस्वस्थ करून गेली. पुढे त्याच पठाराची त्यांना गोडी लागली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मास्टरी’ या पुस्तकात त्यांनी पठारावर अडखळणारे तीन प्रकारचे लोक वर्णिले आहेत. पहिला हौशी, तो उत्साहाने येतो आणि पहिल्याच पठारावर दुसऱ्या छंदाकडे वळतो. दुसरा उतावळा, त्याला रोज चढण हवी असते, म्हणून तो शरीराला ओरबाडतो आणि अखेर कोसळतो. तिसरा अल्पसंतुष्ट, आहे तेवढ्यावर तो कायमचा मुक्काम ठोकतो.

या तिघांची ओळख कोणत्याही घरात पटेल. संगीताची शिकवणी मध्येच सोडणारे मूल, महिनाभरात वजन उतरवू पाहणारा तरुण, ‘आता या वयात काय शिकायचे’ म्हणणारे वडीलधारे, सारे पठारावरच थबकलेले असतात. पठारावरही शिकणे चालूच असते. शंभरदा केलेली हालचाल विचाराच्या कक्षेतून सवयीच्या कक्षेत उतरत असते. ती पूर्ण उतरल्यावर एके दिवशी चढण अचानक दिसते, एवढेच.

लिओनार्ड थांबले नाहीत. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मिल व्हॅली येथे त्यांनी दोन सहकाऱ्यांसमवेत आयकिडोची शाळा उघडली आणि पुढे अनेक वर्षे तेथे शिकवले. २०१० साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

काळा पट्टा म्हणजे विद्येची परिसीमा, असा सर्वसाधारण समज आहे. त्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीचे जपानी नाव ‘शोदान’ आहे. त्याचा अर्थ आरंभीची पायरी. वर्षानुवर्षे पडून-उठून माणूस जेथे पोहोचतो, तेथे त्याला एवढेच सांगितले जाते की, आता शिकण्यास तुमची पात्रता झाली आहे. पन्नाशीत किंवा साठीत नवे काही हाती घेणाऱ्यास याहून मोठा दिलासा कोणता असेल?