रोजचे दोन हजार शब्द

मे १९३८ मध्ये जॉन स्टाइनबेकनं स्वतःचंच एक हस्तलिखित नष्ट केलं. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस गावी लेट्यूसच्या शेडमधल्या कामगारांचा संप चिरडला गेला होता. त्यावर लिहिलेली ती उपहासात्मक कादंबरी त्याला खोटी वाटू लागली होती. महिना संपायच्या आत त्यानं नवी वही उघडली. विषय होता दुष्काळ आणि कर्जापायी ओक्लाहोमातून उठून मजुरीच्या शोधात कॅलिफोर्नियात आलेल्या कुटुंबांचा. ही माणसं त्यानं जवळून पाहिली होती. १९३६ मध्ये त्यांच्या छावण्यांवर त्यानं ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’मध्ये लेखमाला लिहिली होती आणि १९३८च्या सुरुवातीला व्हिसेलियाच्या पुरात उपाशी पडलेली बिऱ्हाडंही त्यानं पाहिली होती.

सांगण्यासारखं एवढं असूनही रोज सकाळी टेबलाशी बसणं त्याला सोपं गेलं नाही. ना साहेब, ना हजेरीपट. काम केलं नाही तर जाब विचारणारं कुणीच नाही. घरून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कुणालाही ही अडचण सांगावी लागत नाही. स्टाइनबेकनं त्यावर दोन गोष्टी केल्या. आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला साधारण दोन हजार शब्द, असं माप त्यानं ठरवून घेतलं. शिवाय एक रोजनिशी ठेवली. कादंबरीला हात लावण्याआधी तो त्यात चार ओळी लिहायचा: आज मन कसं आहे, काल किती झालं, आज कोणता प्रसंग घ्यायचा.

ही रोजनिशी १९८९ मध्ये ‘वर्किंग डेज’ या नावानं छापली गेली. कामात लक्ष का लागत नाही, याचं इतकं प्रांजळ टिपण क्वचितच वाचायला मिळतं. लॉस गॅटोसच्या त्याच्या घराशेजारी बांधकाम सुरू होतं आणि हातोड्यांचे ठोके थांबत नव्हते. पाहुण्यांची वर्दळ होती. चार्ली चॅप्लिनही येऊन गेला. पत्नी कॅरल हस्तलिखित टाइप करत होती, पण मध्येच तिच्या टॉन्सिलचं ऑपरेशन निघालं. नवी जागा घ्यायची बोलणी सुरू झाली. त्यात ऑगस्टमध्ये प्रकाशकाचं दिवाळं निघालं. त्याच महिन्यात, आपल्याला लेखक म्हणवून घेण्याचा अधिकार तरी आहे का, अशी शंका त्यानं रोजनिशीत लिहून ठेवली आणि पुन्हा कादंबरीकडे वळला.

२६ ऑक्टोबरला कादंबरी संपली. सुमारे दोन लाख शब्द आणि पाच महिने! ती ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’. पुस्तक फारसं खपणार नाही, असं त्याला वाटत होतं. एप्रिल १९३९ मध्ये ते बाहेर आलं, वर्षभर गाजलं आणि १९४० मध्ये त्याला पुलित्झर मिळालं.

हुरूप आला की काम करू, असं आपण म्हणतो. रोजनिशीत मात्र उलटा क्रम दिसतो. बऱ्याच दिवशी हुरूप नव्हताच. ठरलेलं माप होतं, म्हणून काम सुरू झालं, आणि लिहिता लिहिता मन त्यात शिरलं. रोजनिशीचा उपयोगही वेगळाच होता. हातोड्यांचा त्रास, पैशांची काळजी, स्वतःवरचा अविश्वास हे सगळं आधी त्या पानावर उतरत असे. वाईट दिवसही त्यात लिहिलेले आहेत, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. वाया गेलेला दिवस लपवला की दुसरा दिवस वाया घालवणं सोपं होतं.

अर्थात प्रत्येक काम शब्दांत मोजता येत नाही. हार्वर्डमधल्या बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं म्हणूनच तास मोजले. उंदीर आणि कबुतरांच्या वर्तनाच्या आलेखांसाठी ओळखला जाणारा हा माणूस स्वतःचाही आलेख काढत असे. तो पहाटे लिहायला बसायचा. टेबलावरच्या दिव्याला घड्याळ जोडलेलं होतं. दिवा लागला की घड्याळ चालू, दिवा विझला की बंद. बारा तास भरले की आलेखावर एक ठिपका. रेषा आडवी पडू लागली की कामात ढिलाई आल्याचं समोरच दिसे. सबबीला जागाच नव्हती.

या शिस्तीची किंमतही असते, आणि ती सांगायला हवी. १९३८च्या त्या पाच महिन्यांनंतर स्टाइनबेक शरीरानं आणि मनानं पार थकला होता. १९५१ मध्ये न्यूयॉर्कला ‘ईस्ट ऑफ ईडन’ लिहायला घेतली, तेव्हा त्यानं पद्धत तीच ठेवली, पण एक मोठा बदल केला. वहीच्या डाव्या पानावर तो आधी आपला संपादक मित्र पास्कल कोविची याला पत्र लिहायचा आणि मग उजव्या पानावर कादंबरी. म्हणजे या वेळी नोंद स्वतःपुरती नव्हती, समोर एक माणूस होता. या पत्रांत पेन्सिलींविषयी आणि घरातल्या सुतारकामाविषयी तो रमून लिहितो. घाई करायची नाही, वेग आवरायचा, हेही तो त्यांत स्वतःला पुन्हा पुन्हा बजावतो. जानेवारीच्या अखेरीस सुरू झालेला हा पहिला खर्डा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्ण झाला.