वारा फोडणारे आणि घाट चढणारे

पहाटे साडेपाचला नवी मुंबईत पाम बीच रोडच्या कडेला उभं राहून पाहा. एकीकडे खारफुटी आणि तिच्यामागे खाडी, दुसरीकडे नेरूळ-सीवूड्सच्या इमारती आणि मधून वाशीपासून बेलापूरकडे जाणारा सुमारे दहा किलोमीटरचा सपाट रस्ता. अंधारात आधी दिवे दिसतात, मग साखळ्यांची सरसर ऐकू येते. दहा-पंधरा सायकली जवळजवळ चिकटून समोरून निघून जातात आणि त्या गेल्यावर वाऱ्याचा एक झोत अंगावर येतो. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचं अर्धं मर्म त्या झोतात आहे.

हवा आपल्याला रिकामी वाटते, पण एक घनमीटर हवा वजनाला सुमारे १.२ किलो भरते. ताशी ४० किलोमीटरने जाणारा सायकलपटू दर सेकंदाला पाच-सहा किलो हवा अंगाने बाजूला सारत असतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला पुरे पडायला लागणारी शक्ती आठपट! म्हणून ताशी ३० वरून ४० वर जायचं, तर पायांना दुपटीहून जास्त शक्ती द्यावी लागते.

पुढच्याच्या पाठीमागे मात्र हवा आधीच फुटलेली असते. त्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर आपलं पुढचं चाक ठेवलं, की विरोध साधारण तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात बर्ट ब्लोकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास केला. घोळक्यात आत, मागच्या भागात असलेल्याला एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यांना आढळलं. फायदा पुढच्यालाही होतो. एकट्याच्या पाठीशी कमी दाबाची पोकळी तयार होऊन त्याला मागे खेचत असते. मागे कुणी लागलं की ती काही अंशी भरून निघते. ज्याला हरवायचं, त्याचाच आडोसा घ्यायचा आणि त्यालाही द्यायचा, असा हा विलक्षण खेळ आहे.

ही ओळ जवळून पाहण्यासारखी असते. पुढचा दमला की कोपर हलवतो, किंचित बाजूला सरतो आणि पॅडलवरचा जोर कमी करतो. ओळ त्याच्या शेजारून पुढे जाते आणि तो शेवटच्या चाकामागे जाऊन पुन्हा आडोशाला लागतो. मागच्यांना रस्ता दिसत नाही, दिसते फक्त समोरची पाठ. म्हणून खड्डा आला की पुढचा हात खाली नेऊन बोट दाखवतो, ‘खड्डा!’ असं ओरडतो आणि ती हाक एकेकाच्या तोंडून शेवटापर्यंत पोहोचते.

ओळीतला हा विश्वास बाहेरच्या वाहतुकीपासून वाचवू शकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच पाम बीच रोडवर, पेंटियम प्रोसेसरच्या घडणीत मोठा वाटा असलेले इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी पहाटे सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेने गेले. हौशी सायकलपटूला महागड्या सायकलीच्या आधी सुरक्षित रस्ता हवा.

शर्यतीचं उरलेलं अर्धं मर्म मुंबई–पुणे सायकल शर्यतीत उलगडतं. महाराष्ट्रातल्या सायकलपटूंची ही जुनी, मानाची शर्यत. पुण्याचा जुना रस्ता पनवेलवरून खोपोलीला येतो आणि तिथवर वाऱ्याचंच राज्य असतं. पुढे बोरघाट सुरू होतो. १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला झालेला हा घाटरस्ता. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं लोक ज्याच्याविषयी सांगतात, त्या धनगराचं, शिंगरोबाचं देऊळ याच घाटात आहे.

इथे गणितच पालटतं. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरा. सपाटीवर ताशी ४० ने जाताना सुमारे २९० वॅट लागतात आणि त्यातले अडीचशे हवाच खाते. आता सहा टक्क्यांचा चढ आणि ताशी १५ चा वेग घ्या. लागणाऱ्या सुमारे २२० वॅटपैकी १९५ नुसतं वजन वर उचलण्यात जातात. हवेच्या वाट्याला पंधराही येत नाहीत. आडोशाची किंमत उरत नाही आणि खोपोलीपर्यंत एकजीव असलेला घोळका वळणावळणाला सुटत जातो.

त्यात उष्म्याची भर. स्नायू वापरलेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचवतात, उरलेली सगळी उष्णता होते. २२० वॅटचं काम करताना शरीर साडेसहाशे वॅटच्या आसपास तापत असतं. सपाटीवर वारा घाम सुकवून ही उष्णता घेऊन जातो. घाटात वेग पडतो, वारा मंदावतो आणि दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो. मघाचा वैरी आता हवाहवासा वाटतो.

घाटमाथ्यावर पहिला पोहोचणारा ‘घाटाचा राजा’. पण शर्यत तिथे संपत नाही. लोणावळ्याहून पुणे अजून साठेक किलोमीटर. रस्ता पुन्हा बराचसा सपाट होतो, वेग वाढतो आणि हवा परत येते. राजा एकटा असेल आणि मागून आठ-दहा जण पाळीपाळीने वारा फोडत आले, तर त्यांच्यापुढे टिकणं फार कठीण. मग त्याने एकट्यानेच दामटावं, की मागच्या दोघा-चौघांना येऊ द्यावं आणि पुण्यापर्यंत सोबत करून शेवटी त्यांच्याशीच झुंजावं? घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता असे दोन वेगळे मान आहेत ते यामुळेच. टूर द फ्रान्समध्येही १९३३ पासून डोंगरांचा राजा वेगळा निवडला जातो.

शर्यतीत उतरू पाहणाऱ्या नवी मुंबईकराचं भाग्य असं, की या दोन्ही कसोट्यांचा सराव त्याला घराजवळच करता येतो. पाम बीचवर दुसऱ्याच्या चाकामागे राहायला आणि आपली पाळी आली की पुढे यायला शिकावं. खारघरच्या टेकडीवर एकट्याने चढायला शिकावं. पुण्याच्या वाटेवर दोन्हींची गरज पडते, आणि कधी कशाची हे ओळखणारा पायांत तेवढी ताकद नसली तरी डोकं लढवून पुढे राहतो.