छोट्या चिपने उतरवलेला भाव

ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात भाव खरोखर कोसळले, असे प्रसंग मोजकेच. त्यांत २००८च्या जून-जुलैचा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

जूनच्या मध्यावर एनव्हिडियाने जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरला आणि त्याच्या खालचं २६० हे ३९९ डॉलरला आणलं. समोर तोलामोलाचं कुणी नव्हतं. एएमडीने २००६मध्ये एटीआय कंपनी ५४० कोटी डॉलरला विकत घेतली खरी, पण २००७चं त्यांचं एचडी २९०० एक्सटी फार तापणारं, भरपूर वीज खाणारं आणि तरीही मागे पडणारं निघालं. एनव्हिडियाने हे मैदान मोकळंच धरलं होतं.

दहा दिवसांच्या आत एएमडीचं रेडिऑन एचडी ४८५० हे १९९ डॉलरला आणि ४८७० हे २९९ डॉलरला आलं. ४८७० बहुतेक खेळांत २६०च्या बरोबरीचं, कधी त्याच्याही पुढे. आणि शंभर डॉलरने स्वस्त! जुलैत एनव्हिडियाने २८० चारशे नव्व्याण्णववर आणि २६० दोनशे नव्व्याण्णववर आणलं. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात २८० घेतलं, त्यांचे दीडशे डॉलर महिन्याभरात गेले. त्यांचा संताप रास्तच होता.

ही कपात विक्री विभागाच्या टेबलावर झाली असली, तरी तिची पायाभरणी चिप आखणाऱ्यांनी काही वर्षं आधी केली होती. जीटीएक्स २८०ची चिप ५७६ चौरस मिलिमीटरची, तर ४८७०ची फक्त २५६ची. मोठी चिप एका वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, निम्म्याहून कमी निघते, आणि जितकी चिप मोठी तितकी ती सदोष निघण्याची शक्यता जास्त. त्यात एनव्हिडियाच्या ५१२ बिटच्या मेमरी बससाठी बोर्डही महागडा लागे. एएमडीने २५६ बिटवर भागवलं आणि उरलेली कसर नव्याकोऱ्या जीडीडीआर५ मेमरीच्या वेगाने भरून काढली. सर्वांत वेगवान एकच चिप बनवायचा हट्ट त्यांनी सोडला; वरच्या गिऱ्हाइकासाठी दोन चिपा एकाच कार्डावर बसवल्या आणि ऑगस्टमध्ये ४८७० एक्स२ हे ५४९ डॉलरला विकायला काढलं. एवढं धाडस या धंद्यात क्वचितच दिसतं.

पुढे डावपेच उरले, धार मात्र गेली. जुलै २०१९मध्ये एएमडीने ५७०० एक्सटीची जाहीर केलेली ४४९ डॉलरची किंमत विक्रीच्या दोन दिवस आधी ३९९ केली. एनव्हिडियाच्या नव्या सुपर कार्डांना ते उत्तर होतं. पण २०२२मध्ये काय झालं? एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे ६९९ डॉलरला आलं होतं, त्याच्या जागी ४०८० थेट ११९९ला आलं. एएमडीने ७९०० एक्सटीएक्सची किंमत ९९९ ठेवली आणि तिथेच समाधान मानलं. एनव्हिडियाच्या खाली किती राहायचं, एवढाच हिशेब केला की भावाची सूत्रं एनव्हिडियाच्याच हाती राहतात. ४०८० सुपर ९९९ डॉलरला यायला जानेवारी २०२४ उजाडला. तोवर गिऱ्हाईक चौदा महिने जादा पैसे मोजत राहिलं.