नव्या टाकीतले मासे का मरतात?

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीत तो प्रवाहाबरोबर विरळ होतो. घरातल्या टाकीत मात्र साठतो. उरलेले खाद्य कुजून त्यात भरच पडते. नव्या टाकीच्या नितळ पाण्यातही मासे मरतात, ते बहुधा या विषामुळे.

वाळूत व गाळणीत वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी विषारी नायट्रेट बनवतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर आपण २-३ गप्पीच ठेवू, चिमूटभरच खाद्य देऊ आणि रात्रभर उघडे ठेवलेले पाणी घालून वरचेवर पाव टाकी बदलू. गाळणी टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवू. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात.

पिल्ले फार झाली तरी इंद्रायणीत सोडायची नाहीत. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले. इथल्या माशांना ते भारी पडू शकतात.