पारपत्र हेच तिकीट

१९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून नागपूरचे डॉ. चोळकर चीनला गेले होते. त्याच पथकातील सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचे स्मारक शिजियाझुआंग येथे आहे. गांधीबागेतील एखाद्या तरुणाने पाठीवर पिशवी टाकून एकट्याने ते पाहायचे ठरविले, तर बीजिंगहून वेगवान रेल्वेने दीड तासाच्या आत पोहोचता येते. तिकिटांची विक्री साधारण १५ दिवस आधी सुरू होते. तिकीट पारपत्राच्या क्रमांकावरच निघते व स्थानकात तेच दाखवावे लागते. त्यामुळे नाव व क्रमांक अक्षरशः जुळलाच पाहिजे. पुढे रात्रीच्या लांब प्रवासाला ‘कठीण शय्या’ घ्यावी. नावावर जाऊ नये, गादी असते! एकावर एक ३ शय्या, अगदी आपल्या स्लीपरसारख्या. चिनी नववर्षाच्या दिवसांत मात्र तिकीट मिळणे महाकठीण.